न जुळलेले फॉर्म

"तुमचे दोघांचे फॉर्म जुळत नाहीत," असं ती सोमवारी फोनवर म्हणाली तेव्हा मी खोकल्याच्या एका औषधाच्या माहितीपत्रकावर बोट ठेवून बसले होते. माझं कामच ते. औषधाच्या खोक्यात घड्या घालून कोंबलेला तो पातळ कागद असतो ना, जो कुणीही वाचत नाही, तो छापायला जाण्याआधी मी वाचते. चक्कर येणे, क्वचित. पुरळ उठणे, अत्यंत क्वचित. आठ वर्षं बारीक अक्षर वाचून डोळ्यांना सवय झाली आहे. माणसांकडे बघतानाही मी आधी तळटीप शोधते, असं नवरा म्हणतो. "कुठले फॉर्म?" मी विचारलं. "पाच वर्षांपूर्वीचे," ती म्हणाली. ती म्हणजे त्या वंध्यत्व-उपचार केंद्रातली समुपदेशक बाई, जिथे आम्हाला आमची मुलगी मिळाली. "तुमचे तीन गोठवलेले भ्रूण शिल्लक आहेत. ठेवायची मुदत येत्या शुक्रवारी संपते. मुदतीनंतर काय करायचं त्याचा फॉर्म तुम्ही तेव्हाच भरून दिला होतात. तुम्ही खूण केलीय 'संशोधनासाठी द्यावेत' इथे. मिस्टरांनी केलीय 'नष्ट करावेत' इथे. शुक्रवारी पाचपर्यंत दोघं येऊन नवे फॉर्म भरा. तेही जुळले नाहीत, किंवा तुम्ही आलातच नाहीत, तर नियमाप्रमाणे नष्ट." पत्ता चुकलाय म्हणून पार्सल परत पाठवतोय, असं सांगावं तसा आवाज. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला. खोकल्याच्या औषधाची ओळ सापडेना.

आज शुक्रवार. सव्वाचार. मी त्या बाईच्या कचेरीला लागून असलेल्या छोट्या खोलीत बसले आहे आणि पलीकडच्या तशाच खोलीत तो. मध्ये दुधी काच. काचेतून त्याचा रंग दिसतो, निळा शर्ट, वर डोक्याचा काळा डाग. चेहरा दिसत नाही. इथली पद्धतच आहे ही. एकाने दुसऱ्यावर दबाव आणू नये म्हणून नवरा-बायकोला वेगवेगळं बसवतात आणि वेगवेगळा कागद देतात. पाच वर्षांपूर्वीही असंच बसवलं होतं. तेव्हा मी बाहेर आले तर तो व्हरांड्यात उभा. "भरलास?" म्हटलं. "भरला. तू?" "हो." आणि आम्ही खाली जाऊन मशीनची पाणचट कॉफी प्यायलो, नावं काय ठेवायची यावर भांडलो. त्यानंतर पाच वर्षं मी त्याला विचारलं नाही आणि त्याने मला. नवरा-बायकोत लपवाछपवी नसावी म्हणतात. आम्ही लपवलं नव्हतंच. आपण एकच आहोत असं धरून चाललो होतो. दोघांनाही खात्री, की दुसऱ्याने आपल्यासारखीच खूण केली असणार. त्याहून वेगळी कोण करेल? आणि आता नियम असा, की त्याने काहीही केलं नाही, नुसता हात बांधून बसला, तरी पाच वाजता त्याचंच होणार. माझं व्हायला मात्र दोघं लागतात.

माझं म्हणजे काय, ते तरी मला कुठे धड माहीत आहे? मी तेव्हा खूण केली ती किती सहज. कॉलेजात याच विषयावर वादविवादात बोलले होते, संशोधनाच्या बाजूने. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, शिवाय तोंडाळ. "वाक्य संपलं की आपण जो ठिपका देतो," मी म्हणाले होते, "त्याहून लहान! त्या ठिपक्याच्या मूळपेशींतून उद्या मेंदूची पेशी बनेल, हृदयाची बनेल. त्या ठिपक्याचे हक्क जपायचे म्हणून चालत्याबोलत्या माणसाला आपण थरथरत ठेवायचं का?" टाळ्या पडल्या. माझ्याविरुद्ध एक बारीकशी मुलगी उभी होती, सारखी ओढणी सावरणारी. तिला नीट बोलताच येईना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "पण तो कुणाचा तरी ठिपका असतो." सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच. करंडक मला मिळाला. त्या मुलीचं पुढे काय झालं मला माहीत नाही, पण सोमवारपासून ती माझ्या डोक्यात ओढणी सावरत उभी आहे आणि आता कुणी हसत नाही.

कारण मधल्या काळात मी ठिपका पाहिला. भ्रूण पोटात सोडायचा होता त्या सकाळी मला आडवं झोपवून समोरच्या पडद्यावर चौघं दाखवले होते. चार करडे गोल, आत बुडबुडे असल्यासारखे. प्रयोगशाळेतला माणूस, चष्म्यावर अजून एक चष्मा चढवल्यासारखा दिसणारा, म्हणाला, "हा छान दिसतोय, हाच घेऊ." एवढंच. भाजी निवडावी इतक्या वेळात. तो छान दिसणारा म्हणजे आमची चिमटी. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती म्हणून हे नाव पडलं. आता सव्वाचार वर्षांची आहे. चपला उलट्या घालते आणि सुलट घालायला सांगितलं तर "माझे पाय उलटे आहेत" म्हणते. उरलेले तिघं त्याच सकाळचे, त्याच काचेच्या बशीतले. त्या माणसाचं बोट जरा डावीकडे गेलं असतं तर चिमटी आज इथे, दोन मजले खाली, गोठवायच्या टाकीतल्या वाफाळत्या गारठ्यात असती आणि मी तिच्या नावाचा फॉर्म हातात धरून बसले असते. आणि घरात दुसरंच कुणीतरी उलट्या चपला घालून फिरत असतं, आणि मला काहीच चुकल्यासारखं वाटलं नसतं. हेच मला सहन होत नाही. काहीच चुकल्यासारखं वाटलं नसतं, हे.

त्यांना घरी आणता येणार नाही. चिमटीच्या वेळी रक्त थांबेना, गर्भपिशवी काढावी लागली. शुद्धीवर आले तेव्हा नवरा उशाशी बसून माझ्या हाताची बोटं मोजल्यासारखी एकेक दाबत होता. दुसऱ्या कुणाच्या पोटात वाढवायचे, दुसऱ्या कुणाला द्यायचे, हे सगळं आमचं तेव्हाच बोलून झालं, 'नाही' ठरलं. त्यामुळे फॉर्मवर आता दोनच चौकोन आहेत. तिसरा नाही. मी कागद उलटून मागेही बघितलं.

सोमवारी संध्याकाळी तो कामावरून आला. बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे तो. इमारतीसाठी काँक्रीट कालवतात त्याच घमेल्यातून थोडं काढून ठोकळे पाडतात, आणि हा ते ठोकळे यंत्रात घालून फोडतो, केवढ्या भाराला फुटतात ते लिहितो. नखांतली सिमेंटची भुकटी काढायला त्याला बेसिनपाशी दहा मिनिटं लागतात. मी टॉवेल घेऊन मागे उभी राहिले.

"केंद्रातून फोन आला होता."

"मलाही आला."

"मग सांगितलं नाहीस?"

"तू सांगतेस का बघत होतो." पाणी चालूच. "तू संशोधन लिहिलंयस."

"तू नष्ट लिहिलंयस."

"हो."

"मला वाटलं, निदान आता बाबांचा हात बघून तरी तू बदलशील..."

त्याने नळ बंद केला. "सॅम्पल म्हणजे काय ते तुला कागदावर माहितीय, मला हातांना माहितीय. सात दिवसांनी तीन फोडतो. अठ्ठावीस दिवसांनी तीन फोडतो. आकडा लिहितो आणि तुकडे ढिगाऱ्यावर."

"पण त्या तीन ठोकळ्यांमुळे माणसं त्या घरात झोपतात ना बिनघोर?"

"झोपतात की. म्हणून तर फोडतो. पण ठोकळा माझ्या पोरीचा भाऊ नसतो गं."

"आणि नष्ट केले की भाऊ असतो?"

त्याने टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं. "तेव्हा निदान कुणी त्याच्याकडून काही काढून घेत नाही. जाणाऱ्याचे खिसे तपासू नयेत." मग जरा वेळाने, "खिसेसुद्धा फुटले नव्हते अजून त्यांना," असं म्हणून तो हसला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मी टॉवेल परत घ्यायचं विसरले.

बाबा म्हणजे माझे सासरे. पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढले त्यांनी, शाईने, हाताने. या शहराच्या पोटातला प्रत्येक नळ त्यांच्या बोटांनी आखलेला आहे असं ते सांगतात. आता त्यांचा उजवा हात थांबत नाही. चार वर्षं झाली. मेंदूतल्या कसल्याशा पेशी मरतात, आणि नेमक्या तसल्याच पेशी मूळपेशींपासून बनवायचे प्रयत्न चालले आहेत. हे मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की बाबांचा हात दिसला की मला आधी लेख आठवतो. चिमटीचं बटण लावायला ते बसतात तेव्हा ती त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरते आणि दरडावते, "ए हाता, गप्प बस!" ते म्हणतात, "नाही ऐकत गं, तुझ्यावर गेलाय." मंगळवारी मी स्वयंपाकघरात दार लोटून समुपदेशक बाईंशी फोनवर बोलले. संशोधनात नेमकं काय करतात, विचारलं. तिने सांगितलं, आतल्या पेशी वेगळ्या करतात, त्या वाढवतात, त्यांचं खाद्यद्रव रोज बदलावं लागतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुणीतरी येतं. रोज कुणीतरी भरवायला येतं, हे ऐकून मला एकदम बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. "म्हणजे आधी तो मोडतात," मी म्हटलं. ती म्हणाली, "पेशी काढल्यावर भ्रूण राहत नाही, बरोबर आहे." तिने ते गोड करून सांगितलं नाही, याबद्दल मी तिला मनात एक गुण दिला. दार उघडलं तर बाहेर बाबा, रिकामी कपबशी हातात, कप बशीवर टकटक वाजतोय.

"भिंती पातळ आहेत," ते म्हणाले, "आणि मी म्हातारा झालोय, बहिरा नाही."

मी कपबशी घ्यायला गेले तर दिली नाही. तशीच वाजत राहिली.

"माझ्या हातासाठी म्हणून देत असशील तर देऊ नकोस. त्यातून काही निघेलच तर निघेपर्यंत हा हात माझ्याबरोबर गेलेला असेल."

"तुमच्यासाठीच असं नाही, बाबा..."

"ऐक गं. द्यायचे तर दे, नाही तर नको. पण माझं नाव पुढे करू नकोस. उद्या तुला पस्तावा झाला तर तू रोज माझ्या हाताकडे बघशील. आधीच सगळे बघतात. त्यात तुझी भर नको." मग कपबशी त्यांनी ओट्यावर स्वतःच ठेवली, नीट, मधोमध, जणू नकाशातली खूण करत होते. मला हुंदका आला तो त्यांच्या बोलण्याने नाही, त्या मधोमध ठेवण्याने. म्हणजे तोही आधार गेला. इतके दिवस एक सोय होती: निर्णय माझा नाही, बाबांच्या हाताचा आहे. म्हाताऱ्याने ती सोय काढून घेतली आणि गेला पेपर वाचायला.

बुधवारी आईला फोन केला. करायला नको होता. आईला वाटतं मी जास्त शिकले म्हणून माझी झोप गेली. "जीव आहे की नाही हे काय कागदावर ठरतं होय?" तिने सुरुवात केली. मी म्हटलं, "ठेवता येत नाहीत, आई. मग काय करू, सांग." "मग जाऊ देत आपोआप. आपण हाताने काही करू नये." "आपोआप काही जात नाही गं. कुणीतरी त्यांना बाहेर काढून टेबलावर ठेवतं, मग जातात." माझ्या आधी तिचं एक पोटातच गेलं होतं, चौथ्या महिन्यात. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, मला मावशीकडून कळलं. मला वाटलं आता ती रडेल, किंवा रागावेल. तिने विचारलं, "तेवढा वेळ त्यांच्याजवळ कुणी बसतं का?" आठ वर्षं मी दुष्परिणाम वाचते आहे, वादविवादाचा करंडक माझ्या माळ्यावर आहे, कुठल्याही बाजूने अर्धा तास बोलू शकते. आणि हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या एकाही भाषणात मी ऐकला नव्हता. तो ठिपका माणूस आहे की नाही, यावर सगळे भांडतात. माझी आई म्हणते, असेल नसेल, एकटं टाकलंत का त्याला?

काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी नवऱ्याला आईचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, "उद्या तिथे जाऊन जे वाटेल ते करू." "म्हणजे तू तेच करणार." "मला माहीत नाही गं, खरंच." "नाही जुळलं तर तुझंच होतं, म्हणून तुला सोपंय." मी हे बोलायला नको होतं. तो उठून चिमटीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला गेला. ते सारखंच होतं. सकाळपासून आम्ही मीठ दे, किल्ली कुठंय, एवढंच बोललो.

साडेचार. काचेपलीकडचा निळा रंग हललेला नाही. लिहीत असता तर खांदा हलला असता. मी त्याच्या खांद्याकडे बघते आहे आणि मला राग येतो आहे, की हा नुसता बसणार, घड्याळालाच सही करू देणार. आणि त्याच वेळी असंही वाटतं आहे, की याने खूण करू नये, नष्टवर तर नकोच, पण संशोधनावरही माझ्याकडे बघून करू नये. मला त्याचं 'बरं बाई' नको आहे. तिघांच्या बाबतीत तरी नको. फॉर्मवरचं सगळं मी वाचून काढलं आहे, छापखान्याचं नाव धरून. 'सदर सामग्री' असं नऊ वेळा आलं आहे. सामग्री. सामग्रीची विल्हेवाट. सामग्रीचे हस्तांतरण. लिहिणाऱ्याचाही काय दोष, मी स्वतः असली वाक्यं तपासून पुढे पाठवते, पगार घेते. पण सामग्री पुसून तिथे काय लिहाल, असं मला कुणी विचारलं तर मलाही शब्द सापडत नाही. मुलं म्हणवत नाही. मुलं म्हणजे ज्यांचे पाय उलटे असतात. ठिपके म्हणवत नाही. ओढणीवाली बरोबर होती, तिच्याकडे फक्त 'कुणाचा तरी' होतं. तेवढंच खरं होतं.

मी खूण केली. 'संशोधनासाठी द्यावेत.' हात जड झाला नाही, हलकाही नाही. बाबांसाठी नाही. करंडकासाठी नाही. ते मोडले जातील हे माहीत असून केली. आणि पेन उचलेना. खाली 'शेरा' असा एक रकाना होता, दोन ओळींचा, रिकामा. मी त्यात लिहिलं: हे तिघं आमचे आहेत. आम्ही देतो आहोत, टाकत नाही.

समुपदेशक बाई आत आली तेव्हा पावणेपाच झाले होते. तिने कागद वाचला, चष्मा काढला. "अहो, शेऱ्याचा रकाना कचेरीसाठी असतो. तुम्ही त्यात लिहिलंत तर फॉर्म बाद धरतात. मी दुसरा देते, नुसती खूण आणि सही करा. पटकन करा, वेळ नाहीये."

"नाही," मी म्हणाले.

"ताई, हट्ट करू नका. पाच वाजले की तुमच्या मनाविरुद्ध होईल."

"माहितीय. पण नुसती खूण मी पाच वर्षांपूर्वी केली होती. तशी परत करायची नाही मला."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नव्हती, घाबरली होती, माझ्यासाठी. मग तिने मधलं दार उघडलं. "मिस्टरांचं झालं का बघते. तुम्ही बोला यांच्याशी. हे नियमात बसत नाही, पण बोला."

त्याच्यापुढचा कागद कोरा होता. सहीसुद्धा नव्हती. टोपण लावलेलं पेन कागदाच्या कडेला अगदी समांतर. बाईने माझा फॉर्म त्याच्यापुढे ठेवला आणि "हे बघा काय करून ठेवलंय," असं म्हणाली. त्याने वाचलं. दोन ओळी वाचायला किती वेळ लागतो? तो ठोकळा फुटल्याचा आकडा वाचतो तसं वाचत होता, परत परत, यंत्रावर विश्वास नसल्यासारखं. दारात उभी राहून मी माझ्या बोटांनी दाराची कड धरली. ती थंड होती.

"देतो आहोत," तो म्हणाला. मला नाही, कुणालाच नाही.

"कुणी काढून घेत नाहीये," मी म्हणाले. "मागायच्या आधी आपण देतोय. पण आपले म्हणून."

"मोडतील त्यांना."

"मोडतील."

त्याने मान हलवली. हो की नाही ते कळेना. पेनचं टोपण काढलं. खूण केली. मी मान पुढे झुकवून बघितलं नाही, शपथेवर सांगते. पण मग त्याने माझा कागद डाव्या हाताखाली धरला आणि खालच्या दोन ओळींत माझंच वाक्य उतरवायला लागला. अक्षर मोठं त्याचं, 'टाकत नाही' रकान्याबाहेर गेलं. सही केली. दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून त्याने बाईपुढे सरकवले.

"फॉर्म जुळले पाहिजेत, एवढाच नियम ना?" तो म्हणाला. "बघा. अक्षरन् अक्षर जुळतंय."

"शेऱ्यात लिहिलेलं चालत नाही हो."

"दोघांनी एकच लिहिलं तर काय करायचं, ते लिहिलंय कुठे?"

बाईने घड्याळाकडे बघितलं. मग खुर्ची ओढून बसली आणि दोन कागदांवर दोन बोटं ठेवून, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, शब्द जुळवत गेली. मी आठ वर्षं हेच काम केलं आहे आणि इतकं सावकाश कुणी केलेलं पाहिलं नाही. 'हे' वर बोट. 'तिघं' वर बोट. तिथे ती थोडी थांबली, दोन्ही बोटं तिथेच. पाचला चार मिनिटं होती तेव्हा तिने खणातून शिक्का काढला, पहिल्या कागदावर मारला, दुसऱ्यावर मारला, आणि फोन उचलून खाली कुणाला तरी म्हणाली, "तिघं आहेत. हो, जुळले. फॉर्म मी स्वतः आणून देते, तोपर्यंत बाहेर काढू नका."

फोन ठेवून ती उठली. दोन्ही फॉर्म छातीशी धरले होते तिने. "झालं तुमचं," ती म्हणाली. "निघालात तरी चालेल."

नवऱ्याने माझ्यासाठी शेजारची खुर्ची मागे सरकवली. मी बसले. ती जिना उतरून तिघांकडे जात होती ते आम्ही ऐकत राहिलो, एकेक पायरी, आवाज पुरता संपेपर्यंत.